चार ग्रॅम लोखंडाची गोष्ट

लेकरांनो, लोखंड जळतं का?

थोरली म्हणते, "नाही आबा, लोखंड वितळतं." धाकटा तर पोट धरून हसतोय. हसू द्या त्याला. पण मी सगळा जन्म जालन्याच्या एमआयडीसीत भंगाराच्या यार्डात काढलाय, मला विचाराल तर लोखंड जळतं आणि चांगलं धडधडून जळतं.

संभाजीनगर रोडला भंगाराचे ट्रक वळताना तुम्ही पाहिलेत. मोडक्या गाड्यांच्या चेसी, जुने गर्डर, जहाज तोडून काढलेले जाडजूड पत्रे असलं सगळं त्यात येतं. मोठा तुकडा भट्टीच्या तोंडात जात नाही, म्हणून आधी गॅस कटिंग. कटरवाला काळा चष्मा चढवतो, टॉर्च पेटवतो, चावी फिरवून जोत निळी, बारीक करतो आणि गर्डरच्या कडेवर धरून ठेवतो. जागा आधी लाल होते, मग नारिंगी. साधारण नऊशे अंशांवर गेली की तो टॉर्चची दांडी दाबतो. सूंऽऽ करून मधल्या भोकातून नुसत्या ऑक्सिजनचा झोत सुटतो आणि तिथून पुढे गॅसच्या जोतीचं काम थोडंच उरतं. लोखंड स्वतःच पेट घेतं. जळता जळता स्वतःच उष्णता देतं, त्या उष्णतेनं पुढचं लोखंड पेटतं, ठिणग्यांचा सडा पडतो, खाली काळा स्लॅग गळत राहतो आणि गर्डरचे दोन तुकडे होतात. त्या स्लॅगमध्ये लोखंड ऑक्सिजनशी जोडलं गेलेलं असतं. पावसात भिजलेल्या सळईवर गंज चढतो तेही हेच. सळईला महिने लागतात, झोताखाली पापणी लवायच्या आत होतं.

लोखंडाची आणि ऑक्सिजनची ही ओढ लई जुनी आहे. कोरोनात माणसं का दगावली, का वाचली आणि डॉक्टरांना त्यातून नवं काय कळलं, हे सांगायचं तर या ओढीपासूनच सुरुवात करावी लागते.

पृथ्वी तरुण होती तेव्हा हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच. समुद्रात मात्र लोखंड विरघळलेलं होतं, भरपूर. मग पाण्यात निळसर हिरवे सूक्ष्म जीव आले. ऊन खायचं, पाणी फोडायचं आणि नको असलेला ऑक्सिजन बाहेर टाकायचा, हा त्यांचा धंदा. तो ऑक्सिजन हवेत पोचेना, कारण पाण्यातलं लोखंड त्याला वाटेतच धरायचं. दोघं जुळले की गंज होऊन तळाशी बसायचे. थरावर थर साचले. समुद्रातलं लोखंड संपत आलं, तेव्हा कुठे ऑक्सिजन हवेत साचू लागला. ही गोष्ट सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीची. गडचिरोलीतल्या सूरजागडच्या डोंगरात लोहखनिजाचे लाल-काळे पट्टे दिसतात ना, ते त्या जुन्या समुद्रांच्या तळाचे. आपण जो श्वास घेतो तो समुद्राला गंज चढून उरलेला माल आहे! खाणीतला तो गंज उलटा फिरवायचा, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढून टाकायचा, की स्पंज आयर्न होतं. ते आपल्या भट्ट्यांत भंगाराबरोबर पडतं आणि त्याची सळई निघते.

आता स्वतःच्या अंगाकडे या. धडधाकट मोठ्या माणसाच्या शरीरात तीन ते चार ग्रॅम लोखंड असतं. दोन-अडीच इंची एक खिळा होईल, बस्स. त्यातलं दोन तृतीयांश रक्ताच्या लाल पेशींत, हिमोग्लोबिनमध्ये बसलेलं. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोखंडाचे चार अणू, आणि प्रत्येकावर ऑक्सिजनचा एक रेणू बसतो. एका लाल पेशीत असे सुमारे २७ कोटी रेणू. हे सगळं नसतं तर? एक लिटर रक्तात नुसता विरघळून जेमतेम तीन मिलिलिटर ऑक्सिजन मावतो. हिमोग्लोबिनमुळे तोच सुमारे दोनशे मिलिलिटर होतो. चार ग्रॅम लोखंडाच्या जिवावर आपण चालतो, बोलतो, भांडतो.

यातली खरी करामत वेगळीच आहे. लोखंड आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज, हे आपण पाहिलं. रक्तात तर ते दिवसरात्र एकत्र असतात आणि तरी गंजत नाहीत. हिमोग्लोबिनची घडीच अशी आहे की लोखंड आत एका खाचेत राहतं. ऑक्सिजन येऊन त्याला धरतो, पण कायमचा चिकटत नाही, बोटाच्या टोकाशी किंवा मेंदूत पोचला की सुटतो. थोडं लोखंड रोज गंजतंच, पण ते पुन्हा पूर्ववत करणारी रसायनं त्याच पेशीत हजर असतात. आणि लाल पेशी म्हातारी झाली, म्हणजे तिचे साधारण १२० दिवस भरले, की प्लीहा तिला मोडते आणि आतलं लोखंड काढून नव्या पेशींसाठी परत पाठवते. रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोखंड असं फिरतं. जेवणातून नवं येतं ते एक-दोन मिलिग्रॅम. म्हणजे शरीर आपल्या जालन्यासारखंच भंगारावर चालतं, खाणीवर नाही.

हां, कोरोना. तो पुण्यात ९ मार्च २०२० ला सापडला आणि महिना उलटायच्या आत देश बंद झाला. आमच्या एमआयडीसीची त्या वर्षातली पहिली मोठी जखम मात्र विषाणूनं केलेली नाही. भट्ट्या थंडावल्या, मध्य प्रदेशातले पोलाद कारखान्यातले कामगार अडकून पडले. भुसावळहून गावाकडे जायला गाडी मिळेल म्हणून वीसेक जण जालन्याहून रुळांच्या कडेनं चालत निघाले. रात्रभर चालून थकले आणि गाड्या बंदच आहेत या समजुतीनं करमाडजवळ रुळांवरच आडवे झाले. ८ मे २०२० च्या पहाटे मालगाडी आली. सोळा जण गेले. लेकरांना सांगायची ही गोष्ट आहे का, असं तुमची आजी मला विचारते. आहे. त्या वर्षाचा हिशेब मांडताना नुसते रुग्णांचे आकडे मांडले तर हे सोळा कुठल्याच रकान्यात येत नाहीत.

आता फुफ्फुस. छातीत हवेचे अगदी बारीक फुगे असतात, तीस कोटींच्या वर. सगळे उलगडून पसरले तर सत्तर चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फुटांच्या आसपास जागा व्यापतील. फुग्याच्या एका अंगाला हवा, दुसऱ्या अंगाला रक्त आणि मधली भिंत एका मायक्रॉनहून पातळ. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कोरोनाचा विषाणू पेशीवरच्या एसीई-२ नावाच्या रेणूला धरून आत शिरतो, आणि या फुग्यांच्या भिंतीत तो रेणू असतो. पहिल्या आठवड्यात विषाणू वाढतो. दुसऱ्या आठवड्यात मात्र पुष्कळांच्या बाबतीत विषाणूपेक्षा शरीराचा त्याच्यावरचा राग भारी पडतो. सूज येते, फुग्यांत पाणी भरतं, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. भिंत जाड झाली की ऑक्सिजन पलीकडे जात नाही.

यात डॉक्टरांना चक्रावून टाकणारी गोष्ट अशी की माणसाच्या रक्तात ऑक्सिजन ऐंशी टक्क्यांवर उतरलेला आणि तो मजेत मोबाइलवर बोलतोय! आपल्याला वाटतं ऑक्सिजन कमी पडला की जीव घुसमटतो. तसं नसतं. घुसमट होते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठला की. तो वायू सुजलेल्या भिंतीतूनही सहज निसटतो, म्हणून मेंदूला धोक्याची घंटा ऐकूच येत नाही. ऑक्सिजन नुसता गुपचूप उतरत राहतो.

मग कळायचं कसं? धाकट्या, मोबाइलचा टॉर्च लाव आणि वर बोट ठेव. काय दिसतं? लालभडक. आता हा चिमटा बोटाला लाव. ऑक्सिमीटर. यात दोन दिवे आहेत, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजन बसलेलं रक्त अवरक्त जास्त गिळतं, ऑक्सिजन उतरलेलं रक्त लाल जास्त गिळतं. पण बोटात कातडी आहे, हाड आहे, मांस आहे, तेही उजेड गिळतात, त्याचं काय? जपानच्या ताकुओ आओयागी नावाच्या इंजिनिअरनं १९७० च्या दशकात त्यातून वाट काढली. कातडी-हाड जागचं हलत नाही, धमनीतलं रक्त मात्र नाडीबरोबर कमी-जास्त होतं. मग जे हलतं तेवढंच मोजायचं! इतकी साधी युक्ती. हा माणूस वारला तो १८ एप्रिल २०२० ला, नेमका जेव्हा जगभर लोक त्याच्या यंत्राच्या आकड्याकडे डोळे लावून बसले होते तेव्हा.

आपल्याकडे 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई हाच चिमटा घेऊन दारोदार फिरल्या. तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे आपल्याच जिल्ह्यातले, घनसावंगीचे. सहा मिनिटं चालून या आणि पुन्हा मोजा, हेही तेव्हाच घराघरांत माहीत झालं. चौऱ्याण्णवच्या खाली गेलं की दवाखाना गाठा, असं सांगायचे. चौऱ्याण्णवच का, ते सांगतो. हिमोग्लोबिनवर पहिला ऑक्सिजन बसला की बाकीच्यांना बसणं सोपं जातं, आणि उतरतानाही तसंच, एक उतरला की बाकीचे झटपट सुटतात. त्यामुळे हवेतला पुरवठा पुष्कळ घटला तरी बोटावरचा आकडा शंभरावरून नव्वदीपर्यंत हळूहळू उतरतो, आणि नव्वदीच्या खाली मात्र कडा कोसळतो. कड्याच्या अलीकडे हात धरायचा म्हणून चौऱ्याण्णव.

या यंत्राची एक खोटही त्याच काळात नीट उजेडात आली. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी डिसेंबर २०२० मध्ये दाखवून दिलं की काळ्या कातडीच्या रुग्णांत आकडा बरा दिसतो पण रक्तात ऑक्सिजन खरा कमी असतो, असं गोऱ्यांच्या साधारण तिप्पट वेळा घडतं. आपण सावळी माणसं. यंत्र बनवताना कुणाच्या बोटावर ताडून पाहिलं, हे विचारायला हवं की नको?

मग आला एप्रिल २०२१, दुसरी लाट. तेव्हा आमच्या यार्डातला शब्द टीव्हीवर आला: सिलिंडर. कटिंगला लागतो तो मोठा सिलिंडर, ज्यात सुमारे सात हजार लिटर ऑक्सिजन दाबून भरलेला असतो. थोरले, हिशेब कर. रुग्णाला मिनिटाला दहा लिटर लागतो. सातशे मिनिटं, म्हणजे जवळजवळ पावणेबारा तास. आणि नाकातून जोरानं देणाऱ्या यंत्रावर मिनिटाला साठ लिटर लागला तर दोन तासही पुरत नाही. एका वॉर्डात असे पंचवीस रुग्ण असले तर दारात ट्रकच उभा पाहिजे. केंद्रानं २२ एप्रिलपासून मोजके उद्योग वगळून कारखान्यांचा ऑक्सिजन थांबवला आणि पुढच्या तीन-चार दिवसांत द्रवरूप ऑक्सिजन सगळाच दवाखान्यांसाठी राखून ठेवला. लोखंड कापायला जो वायू लागतो त्याच्याच वाटेकडे फुफ्फुसं डोळे लावून बसली.

"आबा, मग आपल्या स्टीलवाल्यांनी ऑक्सिजन का नाही दिला?" बरोबर विचारलंस. आपल्या भट्ट्या विजेच्या, इंडक्शनच्या. भंगार वितळवायला त्यांना ऑक्सिजनचा डोंगर लागत नाही, तो फक्त कटिंगला. विशाखापट्टणमसारख्या मोठ्या पोलाद कारखान्यात वितळलेल्या लोखंडातला कार्बन जाळायला ऑक्सिजन फुंकतात, म्हणून त्यांच्याकडे हवा थंड करून ऑक्सिजन वेगळा काढायचे भले मोठे प्लांट असतात. पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस १९ एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन तिकडेच निघाली. भरून परतली, २३ ला नागपूरला काही उतरवले आणि २४ ला नाशिकला बाकीचे. त्याच नाशिकात तीनच दिवस आधी, २१ एप्रिलला, झाकीर हुसेन रुग्णालयाच्या टाकीतून ऑक्सिजन गळाला आणि दाब पडल्यानं वीसच्या वर रुग्ण गेले होते.

टँकरमधला ऑक्सिजन पाण्यासारखा वाहता असतो, उणे १८३ अंशांचा, फिका निळा. एक लिटर उकळला की साडेआठशे लिटरच्या आसपास वायू होतो. आणि मजा बघा, तो द्रव लोहचुंबकाच्या दोन टोकांमध्ये ओतला तर तिथंच लटकून राहतो. आमच्या क्रेनच्या चुंबकाला भंगार चिकटतं, तसा ऑक्सिजनलाही चुंबक ओढतो! रक्तात आणखी गंमत. ऑक्सिजन उतरलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे किंचित ओढलं जातं आणि ऑक्सिजन बसला की किंचित ढकललं जातं. लायनस पॉलिंगनं हे १९३६ मध्ये दाखवलं. मेंदूचा कुठला भाग काम करतोय हे एमआरआयवर बघतात ते याच्याच आधारानं.

दुसरा मार्ग म्हणजे दवाखान्याच्या आवारातच हवेतून ऑक्सिजन काढायचा. नंदुरबारचे तेव्हाचे जिल्हाधिकारी राजेंद्र भारुड यांनी पहिली लाट ओसरल्यावर हे प्लांट बसवून घेतले, म्हणून दुसऱ्या लाटेत त्यांचं नाव झालं. त्यात झिओलाइट नावाचे पांढरे खडे असतात. दाब दिला की हवेतला नायट्रोजन त्यांना चिकटतो, ऑक्सिजन पुढे निघून जातो. दाब काढला की नायट्रोजन सुटतो आणि खडे पुन्हा तयार. असा ऑक्सिजन त्र्याण्णव टक्क्यांच्या आसपास शुद्ध असतो. माणसाला तेवढा पुरतो. आमच्या कटरला पुरत नाही! कटिंगला साडेनव्याण्णव लागतो, एखादा टक्का घसरला तरी कापायचा वेग पडतो. फुफ्फुसाहून गर्डरचेच नखरे जास्त.

ऑक्सिजन झाला, पण औषध? इथं मला जरा रागानं बोलावं लागेल. त्या उन्हाळ्यात आपल्या मराठवाड्यात, सगळ्या महाराष्ट्रात, माणसं रेमडेसिविरच्या इंजेक्शनसाठी मेडिकलपुढे रात्ररात्र उभी होती. कुणी दागिने मोडले, कुणी काळ्या बाजारात गेले. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तीस देशांतल्या, अकरा हजारांवर रुग्णांच्या चाचणीचा निकाल ऑक्टोबर २०२० मध्येच येऊन पडला होता: दवाखान्यात दाखल झालेल्यांचे मृत्यू यानं म्हणावे तसे कमी होत नाहीत. पुढे कळलं की आजाराच्या अगदी पहिल्या दिवसांत दिलं तर त्याचा उपयोग आहे. पण रांगेतल्या माणसाचा रुग्ण तोवर दुसऱ्या आठवड्यात गेलेला असायचा. प्लाझ्माचं तसंच. बऱ्या झालेल्याचा प्लाझ्मा आजाऱ्याला द्यायचा, ऐकायला किती पटतं! आयसीएमआरनं देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर ते तपासलं. प्लाझ्मा मिळालेले आणि न मिळालेले, दोन्हीकडे आजार बळावण्याचं आणि दगावण्याचं प्रमाण सारखंच. ऑक्टोबर २०२० मध्ये छापून आलं. सरकारी उपचारयादीतून प्लाझ्मा गेला मे २०२१ मध्ये, म्हणजे लाट माथ्यावरून जाऊ लागल्यावर.

तपासतात कसं? ऑक्सफर्डच्या पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे यांनी मार्च २०२० मध्ये 'रिकव्हरी' नावाची चाचणी सुरू केली. रुग्ण आला की संगणक चिठ्ठी काढणार, कुणाला नेहमीचे उपचार, कुणाला त्याबरोबर एक औषध. डॉक्टरांनी मनानं निवडायचं नाही, कारण माणूस नकळत धडधाकट रुग्णालाच नवं औषध देतो आणि मग औषधाचं नाव होतं. चिठ्ठीतून निघालेलं एक औषध होतं डेक्सामेथासोन. जुनं स्टेरॉइड, कुठल्याही मेडिकलमध्ये काही रुपयांत मिळणारं. निकाल १६ जून २०२० ला. व्हेंटिलेटरवरच्या शंभरांपैकी नेहमीच्या उपचारांत ४१ दगावत होते, डेक्सामेथासोन दिल्यावर २९. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६ चे २३. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांच्यात? १४ चे १८. हा शेवटचा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण फायदा काही दिसला नाही. म्हणजे औषध तेच, वेळ वेगळी. सूज फुफ्फुस खात असताना ते सूज आवरतं, आणि पहिल्या आठवड्यात शरीर विषाणूशी लढत असताना शरीराचेच हात बांधतं.

यात मला सगळ्यात आवडलेला उपाय म्हणजे पालथं झोपणं. फुकट. उताणं झोपलं की हृदय आणि पोट यांचा भार फुफ्फुसाच्या पाठीकडच्या भागावर येतो, आणि फुग्यांची भरती तर तिकडेच जास्त. पालथं झालं की ते मोकळे होतात. व्हेंटिलेटरवरच्यांसाठी हे २०१३ पासून माहीत होतं. जागे असलेल्या कोरोना रुग्णांवर सहा देशांत, अकराशेवर माणसांत तपासलं, तेव्हा नळी घालायची पाळी थोडी कमी जणांवर आली. जादू नव्हे, थोडीच कमी. पण त्याला ना इंजेक्शन लागतं, ना रांग.

आता पुन्हा लोखंडाकडे, कारण ते गोष्टीतून गेलेलं नाही.

मे २०२१ मध्ये काळ्या बुरशीनं, म्युकरनं, डोकं वर काढलं. महाराष्ट्र आणि गुजरात यात सगळ्यांत पुढे. माणूस कोरोनातून सुटायचा आणि डोळा गमावायचा, कधी वरचा जबडा. ही बुरशी मातीत, कुजक्या पाल्यात, हवेत नेहमीचीच आहे, धडधाकट माणसाला काही करत नाही. तिला वाढायला लोखंड लागतं. आपल्या रक्तातलं मोकळं लोखंड ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन घट्ट धरून फिरतं, म्हणून तिला मिळत नाही. पण साखर बेसुमार वाढून रक्त आंबट झालं की ट्रान्सफेरिनची पकड सुटते. त्यात भरीला स्टेरॉइड, कधी गरज नसताना, कधी नको तेवढे दिवस. स्टेरॉइडनं साखर आणखी चढते आणि राखणदार पेशी झोपतात. ज्या गोळीनं व्हेंटिलेटरवरची माणसं वाचवली, तीच अवेळी घेतली तर बुरशीला दार उघडून देते.

आणि फेरिटिन आठवतंय? तुम्हाला नाही, तुमच्या आईला विचारा. घराघरांत रिपोर्ट वाचले जायचे, सीआरपी किती, डी-डायमर किती, फेरिटिन किती. फेरिटिन म्हणजे लोखंडाची कोठी. चोवीस तुकड्यांचा पोकळ गोळा, आत साडेचार हजारांपर्यंत लोखंडाचे अणू. जंतू आला की शरीर हुशारी करतं. यकृत हेप्सिडिन नावाचा एक संदेश सोडतं, पेशींची लोखंड बाहेर सोडायची दारं बंद होतात, फेरिटिनच्या कोठ्या भरतात. जंतूंना, बुरशीला लोखंड मिळू द्यायचं नाही. चार-आठ दिवसांसाठी युक्ती नामी आहे.

केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये 'नेचर इम्युनॉलॉजी'त जे छापलं ते इथून पुढचं आहे. त्यांनी कोरोना झालेल्या २१४ जणांचं रक्त वर्षभर पुन्हा पुन्हा तपासलं. कोरोना गेला तरी महिनोन्‌महिने थकवा, धाप, डोकं धूसर, म्हणजे लाँग कोविड, ज्यांना पुढे झाला त्यांच्यात एक खूण पहिल्या दोन आठवड्यांतच दिसत होती. रक्तातलं फिरतं लोखंड खाली गेलेलं आणि सूज आवरलेली नाही. कोठ्यांची दारं बंद झाली ती उघडलीच नाहीत. आजार सौम्य होता की भारी, वय काय, बाई की पुरुष, याचा हिशेब वजा करूनही ही खूण उरली.

"मग आबा, लोहाच्या गोळ्या द्यायच्या ना!" धाकटा म्हणतो. थोरली त्याला म्हणते, "अरे, लोखंड आत आहेच की, अडकलंय फक्त." शाबास. वरून ओतलेलं लोखंडही त्याच बंद कोठ्यांत जाऊन पडायचं, किंवा मोकळं राहून भलत्याचंच पोट भरायचं. अस्थिमज्जा तिकडे लाल पेशी बनवायला बसलेली, माल समोर कोठीत, आणि हातात काही नाही. केंब्रिजवाल्यांचं म्हणणं असं की दोन रस्ते दिसतात: पहिल्या दोन आठवड्यांतच सूज आवरायची, म्हणजे दारं फार काळ मिटून राहणार नाहीत, किंवा अडकलेलं लोखंड सोडवून अस्थिमज्जेकडे धाडायचा उपाय शोधायचा. आधी चिठ्ठ्या काढून तपासतील, मग देतील.